मिरर आहे ना, मग काय होतंय? घरच्या नॅसवर या चुका टाळा

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घरात आला की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य ऐकू येतं: "दोन डिस्क मिररमध्ये टाकल्यात, आता टेन्शन नाही." मिरर म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. एक डिस्क मेली तर मिरर कामाचा. पण फाईलच बिघडलेली असेल तर तो बिघाडही तितक्याच निष्ठेने दोन्हीकडे लिहितो.

नाशिकच्या सिडकोतल्या एका फोटोग्राफरचं प्रकरण बघा. 2015 च्या सिंहस्थाचे फोटो जुन्या डिस्कवरून पीसीमार्फत नॅसवर नेले. कॉपी नव्हे, कट-पेस्ट. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करून लग्नाच्या कामाला जुंपली. पुढचा कुंभ जवळ आला म्हणून रामकुंडावरचे फोटो उघडले, तर काहींचा खालचा अर्धा भाग राखाडी, काहींत रंग उडालेले आणि चित्र मधूनच बाजूला सरकलेलं. नॅसचे दिवे हिरवे, स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून तपासायच्या फेरीत) शून्य एरर. दोष डिस्कचा नव्हताच, पीसीतली रॅमची एक स्टिक खराब होती. फाईल नॅसवर पोचायच्या आधीच बिघडली. नॅसने त्या बिघडलेल्या फायलीचाच चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढला आणि इमानेइतबारे सांभाळला.

म्हणून फायली हलवताना कट-पेस्ट नाहीच. कॉपी करा, दोन्हीकडे शा-256 हॅश (फायलीचा ठसाच जणू) काढून जुळवा आणि जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात राहू द्या. मोठी कॉपी करायच्या आधी पीसीवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा. एक एरर दिसली तरी रॅम बदला. "एकच तर आहे" हे उत्तर नाही. एवढाही धीर नसेल तर नॅसवर पैसे कशाला घालायचे?

फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) बीटीआरएफएस किंवा झेडएफएस घ्या, त्या चेकसम ठेवतात. चेकसम नसलेल्या मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्याला कळायला मार्ग नसतो. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर डेटा चेकसमची खूण शेअर्ड फोल्डर तयार करतानाच करावी लागते, नंतर तो पर्याय मिळत नाही. घाईघाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबणारे नेमके इथेच फसतात. मग नवं फोल्डर काढून सगळं त्यात हलवत बसा. स्क्रब महिन्यातून एकदा, रात्री. भरलेल्या 4 टीबी डिस्कला सात-आठ तास लागतात, मधेच कंटाळून थांबवू नका.

दुसरं लाडकं वाक्य: "घरात इन्व्हर्टर आहे की!" वळवाच्या पावसात तासाभरात चारदा लाइट जाते, तेव्हा या इन्व्हर्टरची परीक्षा होते. साध्या मोडमध्ये त्याला बॅटरीवर यायला 20 ते 40 मिलिसेकंद लागू शकतात. नॅसचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) पूर्ण लोडवर 15-20 मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे पंखा फिरत राहतो आणि नॅस लिहिता लिहिता रीस्टार्ट होतो. शिवाय बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही.

दोन डिस्कच्या नॅसला आणि राउटरला 600 व्हीएचा यूपीएस पुरतो, पण यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या आणि ती केबल नॅसला जोडा. बऱ्याच घरांत ती खोक्यातच पडून असते! सेटिंगमध्ये 'बॅटरीवर 5 मिनिटं झाली की बंद' असं ठेवा. मग नॅसवर काही लिहिलं जात नसताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा. नॅस आपणहून शटडाउन झाला तरच काम झालं. बॅटरी तीन वर्षांनी बदलायची, फुगायची वाट बघायची नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नॅसमध्ये नको, डेटाशीटवर सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. यूएसबी हबवर लोंबकळणाऱ्या डिस्क जोडून एकच साठा (पूल) करू नका. रोज रात्री सिंक होणारी बाहेरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, जुन्या आवृत्त्या राहायला हव्यात. एक प्रत घराबाहेर असावी, गावी भावाकडे ठेवली तरी चालेल.

स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) 199 चा, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुकांचा, आकडा वाढला तर डिस्क फेकू नका, आधी साटा केबल बदला. तो आकडा शून्यावर येत नाही, पुढे वाढतोय का एवढंच बघायचं. 197, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरचा आकडा, वाढत असेल तर मात्र आधी बॅकअप पूर्ण आहे का ते तपासा, नसेल तर वाचता येतं तेवढं बाहेर काढा. नवी डिस्क घालून रिबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा भरणं) त्यानंतर.