ऑनिंगखाली एलईडी पट्टी लावताय? खान्देशचं ऊन आधी हिशोबात धरा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची आत राहायची सोय असलेली गाडी भुसावळला दिवसभर उन्हात उभी होती, संध्याकाळी येऊन बघतो तर ऑनिंगखालची (ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला बाहेर ओढायचं कापडी छत) एलईडी पट्टी अर्धी सुटून दाराच्या हँडलपर्यंत लोंबतेय, आणि मागचा गोंद बोट लावलं की तार धरतोय. लावून तीन महिने पण झाले नव्हते. दुकानात सांगितलं होतं की मागचा कागद काढा न चिकटवा, आपण तसंच केलं होतं. मग सगळी काढली, नीट शिकलो, परत लावली, न ती आजपर्यंत हललेली नाही. कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितोय.

गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, आत दोन बर्थ, शेगडी, राहायच्या भागासाठी वेगळी १२ व्होल्टची लिथियम बॅटरी, टपावर सोलर, न डाव्या बाजूला ३ मीटरची ऑनिंग. तुमची गाडी मोठ्या बसवर बांधलेली असेल तर २४ व्होल्ट असू शकतं, आधी मल्टिमीटर लावून बघा न मगच पट्टी घ्या.

पहिली गोष्ट रंग. उजेडाचा रंग केल्व्हिनमधे मोजतात, आकडा जास्त तर उजेड निळसर पांढरा, कमी तर पिवळसर. मी पहिल्यांदा ६००० केल्व्हिनची पांढरीफटक पट्टी घेतली कारण उजेड जास्त वाटतो. तोरणमाळला यशवंत तलावाजवळ थांबलो, लाइट लावला न दहा मिनिटात ताटात किडे, शेवभाजीत किडे, पोरं जेवणं सोडून गाडीत जाऊन बसली. किड्यांना निळसर उजेड जास्त ओढतो, पिवळसर उजेडाला ते येतात पण कमी येतात. त्यामुळे २७०० ते ३००० केल्व्हिनची वॉर्म व्हाइटच घ्या न सोबत उजेड कमी-जास्त करायचा डिमर घ्या. जेवायला बसल्यावर निम्मा उजेड पण पुरतो.

पट्टी किती वॅटची? प्रति मीटर ६० एलईडीवाली २८३५ ची पट्टी (२८३५, ५०५० हे एलईडीच्या आकाराचे नंबर) साधारण ४.८ वॅट प्रति मीटर घेते. ३ मीटरचे झाले १४.४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर, पाच तास चालवली तरी ६ अँपिअर-तासच गेले बॅटरीतून. ५०५० ची पट्टी तेवढ्याच एलईडीत १४.४ वॅट प्रति मीटरपर्यंत जाते, ऑनिंगखाली एवढ्या उजेडाची न एवढ्या गरमीची काहीच गरज नाही.

आता व्होल्टेज, न भाऊ इथेच बहुतेकांच्या पट्ट्या मरतात. १२ व्होल्टची पट्टी म्हणजे तीन-तीन एलईडी न त्यांच्यासोबत करंट आवरणारा एक रेझिस्टर. एलईडी स्वतः नऊ-साडेनऊ व्होल्ट खातात, उरलेले अडीच-तीन रेझिस्टरवर पडतात. पण इंजिन चालू असलं किंवा दुपारचं सोलर जोरात चार्ज करत असलं की बॅटरीवर १४.४ व्होल्ट येतात, ते वरचे सगळे रेझिस्टरवरच पडतात न करंट दीडपटीच्याही वर जातो. एकेक एलईडी काळी पडत जाते न आपण म्हणतो माल हलका होता. म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट रेग्युलेटर टाका, ३ अँपिअरचा भरपूर झाला. आउटपुट मल्टिमीटरने बघून घ्या, मगच पट्टी जोडा.

चिकटवण्याचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त मेहनत तिथेच आहे. पट्टी थेट पत्र्यावर लावायचीच नाही, अॅल्युमिनियमच्या चॅनलमधे, म्हणजे पन्हळीसारख्या लांब पट्टीत टाकायची, वरून दुधी कव्हर. चॅनल ४५ अंशाचा कोपऱ्यात बसणारा घ्या, उजेड खाली टेबलावर पडतो, समोर बसलेल्याच्या डोळ्यात जात नाही. शिवाय सिलिकॉनच्या नळीत भरलेली आयपी ६७ वाली (म्हणजे वॉटरप्रूफ) पट्टी असते ना, तिला कुठलाच टेप नीट धरत नाही, ती चॅनल किंवा क्लिपनेच धरावी लागते. जागा म्हणाल तर ऑनिंगच्या पेटीच्या खाली, गाडीच्या अंगावर. पुढच्या दांड्यावर लावली तर उजेड छान पडतो पण दांडा रोज आतबाहेर होतो न वायर तुटते.

३ मीटरचा अखंड चॅनल लावू नका, मीटर-मीटरचे तीन तुकडे लावा न मधे दोन मिलिमीटर फट ठेवा. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यापर्यंत ५० अंशाचा फरक सहज पडतो, तेवढ्यात ३ मीटर अॅल्युमिनियम जवळजवळ साडेतीन मिलिमीटर वाढतं आणि लोखंडी पत्रा त्याच्या निम्मा. ही ओढाताण टेपला सोसावी लागते, तुकडे केले की ती वाटली जाते. पट्टी मात्र अखंड ठेवा, फटीवरून तशीच जाऊ द्या.

टेप थ्रीएम कंपनीचा व्हीएचबी घ्या, हा जोरदार पकडीचा दुहेरी टेप. जागा आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वॅक्स-पॉलिश असेल तर काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घेऊन पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. आमच्याकडे धुळ्याच्या वाऱ्यात ताटभर धूळ अर्ध्या तासात बसते, म्हणून पुसलं की लगेच लावा, चहा प्यायला जाऊ नका. वेळ सकाळची, पत्रा हाताला सोसेल एवढाच कोमट असताना. चॅनल ठेवून अंगठ्याने पूर्ण लांबीवर जोरात दाबत जा. टेप २० मिनिटात निम्मी पकड घेतो, २४ तासात ९० टक्के, पूर्ण व्हायला ७२ तास लागतात, म्हणून तीन दिवस गाडी सावलीत उभी ठेवा. दोन टोकांना एकेक छोटा स्टीलचा स्क्रू मारला तर अजून चांगलं, पण मागे काय आहे ते बघूनच मारा.

पट्टी कापायची ती कात्रीच्या खुणेवरच, ६० एलईडीवालीत दर ५ सेंटीमीटरला खूण येते. कापलेलं टोक उघडं ठेवलं तर तिचं वॉटरप्रूफपण गेलं, तिथे सिलिकॉन भरून टोपी लावा. हे सिलिकॉन न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांब्याला खातं. जोड सोल्डरचाच करा, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा घरात ठीक आहेत, तोरणमाळचा घाट एकदा चढून आलात की लाइट मिचमिचायला लागतो.

वायर १.५ स्क्वेअर एमएमची. बॅटरीपासून पट्टीपर्यंत ७ मीटर जात असेल तर जाऊन-येऊन १४ मीटर झाली, अर्धा स्क्वेअरची पातळ वायर टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या वर वाटेतच जातो, १.५ मधे पाव व्होल्टपण जात नाही. फ्यूज ३ अँपिअरचा न तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. पट्टीजवळ फ्यूज लावून उपयोग नाही, मधे वायर घासून पत्र्याला लागली तर तो तिला वाचवणार नाही. रेग्युलेटर आणि डिमर गाडीच्या आत, कोरड्या जागी. स्विच दाराजवळ, बाहेर उभं राहून हात घालून लागेल असा.

पत्र्याला भोक पाडताना सगळे घाबरतात, मी पण दोन दिवस नुसता मार्कर घेऊन फिरलो. आतून काय आहे ते आधी चाचपून बघा, मूळ वायरिंग जात असेल तर जागा बदला. भोक पाडलं की कडा घासून गंज रोखणारा रेड ऑक्साइड लावा, वाळू द्या, मग केबल ग्लँड (वायर भोकात घट्ट धरणारी टोपी) न त्याच्याभोवती सीलंट. बाहेरची वायर भोकात शिरायच्या आधी खाली थोडा झोल द्या, म्हणजे वायरवरून येणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, आत शिरत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने आमच्या ओळखीच्या एका गाडीचं प्लायवुड वाचलं असतं.

आणि हो, पट्टी चिकटवण्याआधी पूर्ण उलगडून जमिनीवर ठेवून रात्रभर चालवून बघा. गुंडाळलेल्या रोलमधे चालवू नका, मधला भाग तापून खराब होतो. गाडी चालताना लाइट बंदच असला पाहिजे, रस्त्यावर मागच्याला-पुढच्याला त्रास होतो, म्हणून मी स्विचमधला छोटा लाल दिवा चालकाला आरशात दिसेल असा ठेवलाय.

सगळं झालं, तीन दिवस गेले, की बागेची नळी घेऊन दहा मिनिटं वरून पाणी मारा न लाइट चालू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधी कव्हरच्या आत वाफ धरलेली दिसली तर कुठलं तरी टोक उघडं राहिलंय, ते शोधून बंद करा, मगच सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघा.