बडनेरा स्थानकावरून चिखलदऱ्याच्या मुक्कामी एसटीने कसे जावे

चिखलदऱ्याला रेल्वे जात नाही, म्हणून या प्रवासाची आखणी उलट बाजूने, म्हणजे घाट चढणाऱ्या शेवटच्या एसटीच्या वेळेपासून करावी लागते. ती वेळ अमरावती किंवा परतवाडा आगाराकडे आधी विचारून घ्यावी आणि मगच रेल्वेचे आरक्षण करावे. संध्याकाळी बडनेऱ्याला उतरणाऱ्याने अमरावतीतच मुक्काम करून सकाळी निघावे, हे मी आग्रहाने सांगेन.

तिकीट काढताना नावांचे दोन घोटाळे टाळावेत. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटाच्या पायथ्याशी धामणगाव लागते. पण ते धामणगाव गढी. मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि वर्धा यांच्यामध्ये जे धामणगाव स्थानक आहे ते वेगळे गाव असून, तिथे उतरणारा माणूस चिखलदऱ्यापासून आणखी दूर जातो. तसेच नकाशात परतवाड्याला लागूनच अचलपूर स्थानक दिसते, परंतु मूर्तिजापूरहून तिथे येणारी अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ ही रेल्वेगाडी आता बंद आहे.

मुख्य मार्गावरच्या बहुतेक गाड्या अमरावती शहरात न जाता बडनेरा जंक्शनवर थांबतात. रात्री मुंबईहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस मात्र सकाळी थेट अमरावतीला पोहोचते; जागा मिळत असेल तर तीच घ्यावी. बडनेऱ्याहून अमरावती सुमारे १० किलोमीटर आहे. स्थानकाबाहेर ऑटो मिळतात. बसण्यापूर्वी भाडे सीटमागे आहे की ऑटो स्पेशल ठरतो आहे, हे स्पष्ट विचारावे आणि मुख्य एसटी बसस्थानकावरच सोडायला सांगावे.

बसस्थानकावर थेट चिखलदऱ्याची गाडी लगेच नसेल, तर तिची वाट पाहत बसू नये. परतवाड्याला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात. सुमारे ५० किलोमीटरचा तो टप्पा उरकून पुढची गाडी परतवाड्याहून धरावी. तिथून चिखलदरा साधारण ३० किलोमीटर आहे, पण बराचसा रस्ता घाटाचा असल्याने वेळ अंतराच्या मानाने जास्त लागतो. अमरावतीपासून एकूण तीन तास धरून चालावे, आणि परतवाड्यात थांबावे लागले तर तो वेळ वेगळा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसावे आणि घाटापूर्वी पोटभर खाऊ नये. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नसते, म्हणून तिकिटासाठी सुटे पैसे हाताशी ठेवावेत. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते, तर ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ असावा. परतवाड्याहून काळी-पिवळीही मिळू शकते, परंतु ती भरल्याशिवाय निघत नाही आणि दाटीवाटीने भरते. पावसाळ्यात धुके उतरले असताना अशा गाडीने घाट चढणे मला योग्य वाटत नाही.

मुक्कामाची जागा विचारताना एक शब्द जपून वापरावा. आपल्याकडे गावोगाव ‘हॉटेल’ म्हणजे चहा-आलूबोंड्याचे ठिकाण. ‘हॉटेल कुठे आहे?’ असे विचारले, तर सांगणारा अगदी सद्भावनेने जवळच्या चहाच्या दुकानाकडे बोट दाखवील. ‘लॉज’ म्हणावे, किंवा आरक्षण केलेल्या जागेचे पूर्ण नाव सांगावे. राहण्याच्या जागा पठारावर विखुरलेल्या असल्याने आरक्षण करतानाच ती बसस्थानकापासून पायी किती लांब आहे आणि न्यायला कोणी येते का, हे विचारून ठेवावे. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे; खाली अमरावतीत उकडत असले तरी स्वेटर आणि पावसाळ्यात रेनकोट पिशवीत तळाशी न ठेवता वरच ठेवावा.

आणि चिखलदऱ्याला उतरता उतरताच कंडक्टरला परतीच्या पहिल्या गाडीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्यावी.