पुण्यात बसून युगांडातल्या कंपालाच्या कॉलेजसोबत पार्टिकल फिजिक्स (मूलकणांचं विज्ञान) कसं सुरू करायचं

हे बघा, सुरुवात एमओयूने, म्हणजे दोन संस्थांमधल्या सामंजस्य कराराने करू नका, सह्या गोळा करण्यातच वर्ष जातं आणि पोरं पास होऊन निघून जातात. आधी एक छोटं काम सोबत करा. सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर 2014 पासून एलएचसीचा, म्हणजे तिथल्या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा खरा डेटा फुकट मिळतो, त्यातली दोन म्यूऑनवाली (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) सीएसव्ही फाईल, म्हणजे आकड्यांचा साधा तक्ता घ्या, दोन्हीकडच्या पोरांनी पायथनमध्ये इनव्हेरियंट मासचा (दोन म्यूऑन ज्या कणातून निघाले त्याचं वस्तुमान) हिस्टोग्राम काढायचा, आणि 91 जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) झेड बोसॉन या जड कणाचं टोक वर आलं की तिकडून जो आरडाओरडा होतो ना, खरंच अंगावर काटा येतो.

आपले साडेचार म्हणजे त्यांचे दुपारचे दोन, कॉलला बेस्ट वेळ. मधेच नेट जाऊ शकतं म्हणून फाईल आदल्या दिवशीच पाठवा.

मग पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत जाऊन भेटा, तिथला ग्रुप एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात आहे. कंपालाच्या मुलांना आफ्रिकन स्कूल ऑफ फिजिक्सला अर्ज करायला लावा, 2010 पासून चालू आहे, आणि इटलीत ट्रिएस्टचं आयसीटीपी हे भौतिकशास्त्र केंद्र तर 1964 पासून विकसनशील देशांसाठीच झटतंय.

आणि पुढे पेपर झालाच तर कंपालाच्या पोरांची नावं लेखकांमध्ये, खाली आभारात नाही, हे पहिल्याच कॉलमध्ये ठरवून लिहून ठेवा.