सिग्नलचा मेसेज स्टँडर्ड एररवर, नुसत्या आकड्याऐवजी शब्दांत

इंदूरच्या कॉलेजांमधल्या लॅब फायलींत हँडलरच्या आत, म्हणजे सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टीमने चालू प्रोग्रॅमला दिलेला इशारा) आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या आत, प्रिंटएफ लिहिलेला हमखास सापडतो. तो आधी खोडा.

सी मध्ये सिग्नलचं वर्णन छापायचं काम पीसिग्नल हे फंक्शन करतं. पॉझिक्स 2008 मध्ये (युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकात) आहे, हेडर सिग्नल डॉट एच. सिग्नलचा क्रमांक आणि आपलं लेबल द्या. लेबल, कोलन, स्पेस, वर्णन आणि नवी ओळ थेट स्टँडर्ड एररवर (चुकांच्या मेसेजसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) जाते. लेबल म्हणून ज्या प्रोसेसला सिग्नल आला तिचं नाव द्या. ‘सराफा: सेगमेंटेशन फॉल्ट’ दिसलं की ‘राजवाडा’ ही दुसरी प्रोसेस शाबूत आहे हे लॉग वाचणाऱ्याला लगेच कळतं. कंपायलरला सी 11 सक्तीचं केलं असेल तर पॉझिक्स मॅक्रो 200809 ला डिफाइन करा, नाहीतर फंक्शन सापडत नाही.

आता गोची. हँडलरमध्ये पीसिग्नलही चालत नाही, कारण ते असिंक-सिग्नल-सेफ, म्हणजे हँडलरमधून बोलवायला सुरक्षित, नाही. मुख्य प्रोग्रॅम प्रिंटएफ किंवा मॅलॉकच्या मध्यात, लॉक धरून असताना सिग्नल आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी कायमचा थांबतो. ‘माझ्याकडे तर चालतं’ हा पुरावा नव्हे. शंभरदा चालेल, एकदा लटकेल. हँडलरमध्ये फक्त व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी व्हेरिएबलमध्ये क्रमांक ठेवा, छपाई मुख्य लूपमध्ये. आतच छापायचं असेल तर आधीच तयार केलेला मजकूर राइटने लिहा आणि एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपा. हँडलर नोंदवणाऱ्या सिगॲक्शनमध्ये रीस्टार्ट फ्लॅग नको, नाहीतर अडकलेलं रीड पुन्हा सुरू होतं आणि लूपला काही कळतच नाही. व्हेरिएबल तपासल्यावर आणि रीडच्या आधी सिग्नल येण्याची फट उरते. तिथे पीसिलेक्ट (सिग्नल मोकळा करणं आणि वाट पाहणं एकाच पावलात करणारं फंक्शन) वापरा.

सेगमेंटेशन फॉल्टला (चुकीच्या मेमरीला हात लावल्यावर येणाऱ्या सिग्नलला) ही युक्ती लागू नाही. हँडलरमधून परतलात की तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट. तो मेसेज पॅरेंटनेच, म्हणजे ती प्रोसेस सुरू करणाऱ्या प्रोसेसनेच, छापावा: स्टेटस आणणारं वेटपिड, मग चाइल्ड प्रोसेस सिग्नलने मेली का हे पाहणारा मॅक्रो, मग सिग्नलचा क्रमांक काढणारा टर्मसिग.

वेटपिडने दिलेला स्टेटस तसाच पीसिग्नलला देऊ नका. टर्मिनेट सिग्नलला स्टेटस 15 येतो, म्हणून बरोबर वाटतं. कोअर डंप (मेमरीची नक्कल फाइलमध्ये) झालेल्या फॉल्टला 139 येतो, म्हणजे कोअर डंपची खूण 128 अधिक सिग्नलचा क्रमांक 11, आणि छापलं जातं ‘अननोन सिग्नल’.

छापण्याआधी स्टँडर्ड आउटपुट फ्लश करा. नाहीतर स्टँडर्ड आउटपुट आणि एरर दोन्ही एकाच फाइलमध्ये वळवले तर ओळींचा क्रम उलटतो.