मुलाच्या स्मरणार्थ कर्करोग संशोधनाला देणगी देताना
मूल कर्करोगाने गेल्यावर पहिल्या वर्षाच्या आतच त्याच्या नावाने काहीतरी करा, असा आग्रह नातेवाईक धरतात. आई-वडिलांनी तो मनावर घेऊ नये. सवड झाली की परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेला, जिचे संशोधन केंद्र खारघरला आहे, पत्र लिहावे आणि रक्कम बालकर्करोगाच्या संशोधनासाठीच वापरावी, असे त्यात स्पष्ट नमूद करावे. एरवी ती सर्वसाधारण निधीत जमा होऊ शकते. (उपचारखर्चाला मदत हेही मोठे काम आहे, पण ते वेगळे.) धनादेशासोबत पॅन क्रमांक देऊन पावती मागून घ्यावी. मुलाच्या उपचारांच्या फाइलमधील बायॉप्सीचे (शरीरातील पेशींचा नमुना काढून केलेल्या तपासणीचे) अहवाल रद्दीत घालू नयेत. ते लेखी संमतीने संशोधकांना उपयोगी पडू शकतात. पैशांची सोय नसल्यास रुग्णांसाठी प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातील घटक) दान कराव्यात. त्या जेमतेम ५ दिवस टिकत असल्याने नियमित दाते लागतात.