हात नसलेला मदतनीस: घरासाठी पहिला रोबो बांधताना

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट ठरवताना आम्हा चौघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: घरभर फिरणारा, हाताने वस्तू उचलून देणारा रोबो. त्या हाताचं डिझाइन पहिल्याच आठवड्यात कागदावर उतरलं. हात मात्र शेवटपर्यंत बांधला गेला नाही, आणि त्याचं मला तरी वाईट वाटत नाही.

का, ते एका गणितात सांगते. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली अर्धा किलो धरा. ती खांद्याच्या सांध्यापासून ४० सेंटिमीटरवर धरायची तर त्या सांध्यावर २० किलो-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, येतो. हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. सहज मिळणारा एमजी९९६आर सर्व्हो (सांधा फिरवणारी छोटी मोटर) १० च्या आसपासच दमतो. मोठा सर्व्हो घेतला की वजन वाढतं, मग बॅटरी वाढते, मग गाडी रुंद करावी लागते, नाहीतर हात पुढे करताच सगळं तोंडावर आपटतं. शिवाय बाटली नेमकी कुठे धरायची हे कॅमेऱ्याला कळलं पाहिजे. वाट शोधण्याचं कोडं त्यामानाने जुनं. अमेरिकेत एसआरआय या संशोधन संस्थेत शेकी नावाच्या रोबोवर काम चालू असताना, १९६८ मध्ये, ए-स्टार ही सर्वांत जवळची वाट शोधायची रीत मांडली गेली आणि ती अजून वापरात आहे. म्हणून पहिल्या रोबोला फक्त चाकं द्या.

आमच्या गाइडनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘कोणासाठी करताय?’’ आम्ही म्हणालो, वृद्धांसाठी. ‘‘कुठल्या वृद्धांसाठी? एकाचं नाव सांगा.’’ मग गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या आजीजवळ वही घेऊन बसले. तिचे गुडघे गेलेत, दिवसभर ती पुढच्या खोलीत आरामखुर्चीत असते. आठ दिवस ती कोणाला, कधी, कशासाठी हाक मारते ते लिहून काढलं. चार गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या: पाणी, चष्मा, गोळ्यांचा डबा, मोबाइल. वही बघताना लक्षात आलं की यांपैकी तीन वस्तू कोणी उचलून आणायची गरजच नाही. त्या रोबोच्या ताटातच कायमच्या ठेवायच्या. बटण दाबलं की ताट खुर्चीशी येतं, काम झालं की कोपऱ्यात जातं. उरलं फक्त पाणी.

बोलून हुकूम देता यावा, असा हट्ट माझाच होता. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोललेलं ऐकून लिहून देणारा प्रोग्राम, वापरून पाहिलं. त्याला मराठी येते. पण आजी वर्तमानपत्र मराठीत वाचते आणि हाक मारते कोकणीत: ‘‘बाये, उदक हाड गो!’’ (पोरी, पाणी आण गं!) व्हिस्परच्या भाषांच्या यादीत कोकणी नाही. ‘उदक’चं तो रोज काहीतरी नवीन करायचा. चार दिवसांनी मी हार मानली आणि खुर्चीच्या हातावर ईएसपी३२ ला, म्हणजे वायफाय असलेल्या एका छोट्या सर्किट बोर्डाला, जोडलेली चार मोठी बटणं बसवली, प्रत्येकावर चित्र चिकटवून. आजीला ती पहिल्या दिवसापासून जमली.

आता गाडीकडे. मोटर एन्कोडरवालीच, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारीच घ्या. पैसे वाचवायला आम्ही साधी घेतली आणि महिनाभर वाया घालवला. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर समजला आणि खरा ६४ निघाला, तर १० मीटर चालल्यावर हिशेब १५ सेंटिमीटरने चुकतो. दोन चाकांमधलं अंतर २ टक्क्यांनी चुकलं तर एका पूर्ण फेरीत ७ अंशांचा घोळ. म्हणून आधी जमिनीवर खडूने रेघ मारून सरळ चालवा, मग एका जागी दहा गिरक्या घ्यायला लावा, आणि मोजपट्टीने मोजून आकडे दुरुस्त करा. आमच्या जुन्या घराची लाल सिमेंटची जमीन इतकी गुळगुळीत की प्लास्टिकची चाकं घसरायची. रबरी चढवली.

मोटर सुरू झाली की रास्पबेरी पाय, म्हणजे रोबोवरचा छोटा कॉम्प्युटर, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दोन आठवडे आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. चूक तारांत होती: मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि पाय मान टाकतो. पायसाठी वेगळा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घेतला, ग्राउंड दोन्हीकडे एकच ठेवलं आणि त्रास संपला. तातडीने थांबवायचं लाल बटण थेट मोटरची वीज तोडणारं असू द्या. ते प्रोग्राममधून चालवू नका. प्रोग्रामच अडकला तर? जुलैत पावसाच्या दमटपणाने कनेक्टरवर हिरवट थर चढला, तोही घासून काढत बसलो.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर आरओएस २ हे रोबोसाठीचं सॉफ्टवेअर बसवा, आधी गॅझेबो या सिम्युलेटरमध्ये टर्टलबॉट हा शिकाऊ रोबो फिरवा, मग त्यातलेच नकाशासाठी स्लॅम टूलबॉक्स आणि वाटेसाठी नॅव्ह २ शिका. शिकवण्या भरपूर आहेत.

जे शिकवण्यांत सापडत नाही ते म्हणजे आपलं घर. लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा रोबोचा डोळा, एकाच उंचीवर गोल फिरून बघतो. आमचा जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर होता. त्याला टेबलाचे पाय दिसायचे, पाट दिसायचा नाही. एकदा आई जमिनीवर बसून नारळ खवत होती आणि ताट सरळ आदोळीच्या, म्हणजे खवणीच्या विळीच्या, दिशेने निघालं. त्या रात्री पुढे खाली बंपर लावला आणि वेग सेकंदाला २० सेंटिमीटरवर आणला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणखी तऱ्हा. नकाशा जूनमध्ये केलेला, आता खोलीत माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), समया, पाहुण्यांच्या पिशव्या आणि आरतीला उभे पंधरा जणांचे पाय. लायडारला दिसणारं नकाशाशी जुळेना, तेव्हा रोबो स्वतःला भिंतीपलीकडे समजू लागला. चवथीचे दिवस आम्ही त्याला सुट्टी दिली.

पाण्याचं शेवटी उंबरठ्याशी अडलं. स्वयंपाकघराचा उंबरठा ५ सेंटिमीटर उंच. चाकाची त्रिज्याच सव्वातीन सेंटिमीटर, ते चढणार कसं? एकास आठच्या उताराने दोन्ही बाजूंना ४० सेंटिमीटरची फळी टाकायची ठरली, मी फळी कापूनही आणली. आजीने नुसती बघितली. ‘‘उंबऱ्यावर फळी? तिथे रोज रांगोळी घालते तुझी आई.’’

फळी परत गेली. पाण्याचं बटण दाबलं की आता स्वयंपाकघरात घंटी वाजते आणि रोबो उंबरठ्यापासून एका वितीवर येऊन थांबतो. आई तांब्या ताटात ठेवते, पुढचे सात मीटर तो नेतो. परीक्षकांनी तिथे गुण कापले. रिपोर्टमध्ये आम्ही हे ‘मर्यादा’ या मथळ्याखाली लिहिलं. आजी त्या टीचभर जागेला ‘त्याची जागा’ म्हणते, आणि तिथे कोणी चपला काढल्या तर ओरडते.