ट्रेल अल्ट्रासाठी जीपीएस घड्याळ निवडताना

मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपेक्षा लांब आणि डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटांनी जाणाऱ्या शर्यतीत, म्हणजेच ट्रेल अल्ट्रात, घड्याळाची खरी गरज उत्तरार्धात पडते. पाय थकलेले असतात, उजेड संपत आलेला असतो, पठारावर वाटेला दोन फाटे फुटतात आणि पुढचा पाण्याचा थांबा किती दूर आहे यावर बाटलीतले पाणी पुरवायचे असते. म्हणून घड्याळाची पारख त्यातल्या सुविधांच्या यादीवरून करू नये. शर्यतीच्या अखेरच्या तासांतही ते चालू राहील का आणि तेव्हा ते दाखवेल ते खरे असेल का, हे दोनच प्रश्न आधी विचारावेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बॅटरीत आहे आणि त्यासाठी आधी स्वतःच्या वेळेचा प्रामाणिक अंदाज हवा. माँ ब्लाँ पर्वतसमूहाला वळसा घालणारी यूटीएमबी ही सुमारे 170 किलोमीटरची शर्यत अव्वल पुरुष धावपटू वीस तासांच्या आसपास पूर्ण करतात, पण इतरांना त्यासाठी 46 तास 30 मिनिटांची मुदत असते. अव्वल धावपटूच्या मनगटावरचे घड्याळ पाहून निर्णय घेणारा हौशी धावपटू इथेच फसतो, कारण त्याला त्याच वाटेवर दुपटीहून अधिक काळ तग धरणारी बॅटरी लागते.

कंपनीने जाहीर केलेला तासांचा आकडा कोणत्या स्थितीतला आहे हे नीट वाचावे. कोरोस कंपनीने 2021 साली व्हर्टिक्स 2 हे घड्याळ आणले तेव्हा साध्या जीपीएसवर 140 तास आणि दुहेरी वारंवारतेवर (उपग्रहांचे दोन वारंवारतांचे संकेत एकाच वेळी घेण्याच्या, अधिक अचूक स्थितीत) 50 तास असे आकडे दिले होते. घड्याळ एकच, बॅटरी एकच, तरी फरक जवळजवळ तिपटीचा. 140 चा आकडा डोक्यात ठेवून खरेदी करायची आणि कड्याकपारीत अचूकता हवी म्हणून दुहेरी वारंवारता लावून धावायचे, तर हाती राहतात ते 50 तास. शिवाय नकाशा सतत उघडा ठेवणे, रात्री पडद्याचा दिवा वारंवार लागणे, फोनवरचे संदेश मनगटावर घेणे आणि थंडी या सगळ्यांचा भार त्याच बॅटरीवर पडतो, तर दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर तिची मूळ क्षमताही घटलेली असते. माझा आडाखा असा, की जाहीर आकड्यातले तीस टक्के सोडून द्यावेत. आपल्याला 14 तास लागणार असतील, तर ज्या स्थितीत आपण प्रत्यक्ष धावणार आहोत त्या स्थितीत किमान 20 तास सांगणारे घड्याळ घ्यावे.

बॅटरी वाचवण्यासाठी बऱ्याच घड्याळांत दर सेकंदाऐवजी दर मिनिटाला किंवा त्याहूनही विरळ स्थान नोंदवण्याची सोय असते. सपाट, सरळ वाटेवर ती चालून जाते, पण घाटात ती फसवी ठरते. चढावर ताशी 4 किलोमीटरने चालताना मिनिटाला सुमारे 67 मीटर अंतर कापले जाते. तीस-तीस मीटरवर वळणारी नागमोडी वाट अशा नोंदीत उरतच नाही, कारण घड्याळ दोन बिंदू सरळ रेषेने जोडते आणि मधली वळणे खाऊन टाकते. काही घड्याळे मधल्या काळात हाताच्या हालचालींवरून अंदाज बांधतात, पण हातात काठ्या असल्या की तोही डळमळतो. अंतर कमी दिसते, पुढचा थांबा आहे त्यापेक्षा लांब वाटतो, आणि पाणी व खाणे यांचे गणित बिघडते. दर सेकंदाची नोंद ठेवूनही शर्यत पुरी करू शकणारे घड्याळच अल्ट्रासाठी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता अचूकतेकडे वळू. उपग्रहाकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि तो कातळकड्यावर आदळून उशिरा पोहोचला, तर घड्याळ त्या लांबलेल्या प्रवासालाच खरे अंतर समजते. अरुंद घळीत किंवा नाळेत आकाशाची पट्टी तेवढी दिसते, त्यामुळे थेट येणारे संकेत कमी आणि परावर्तित संकेत जास्त अशी अवस्था होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या प्रणालींचे उपग्रहही वापरणे, म्हणजे त्या अरुंद पट्टीतही पुरेसे उपग्रह सापडतात. दुसरा आणि कड्यांच्या प्रदेशात अधिक मोलाचा उपाय म्हणजे दुहेरी वारंवारता. 1575.42 मेगाहर्ट्झच्या जुन्या एल1 संकेतासोबत 1176.45 मेगाहर्ट्झचा एल5 संकेत वापरला जातो. एल1 वरच्या जुन्या नागरी संकेताचा एकेक तुकडा अंतराच्या भाषेत सुमारे 300 मीटरचा असतो, तर एल5 चा सुमारे 30 मीटरचा. तुकडा आखूड असल्यामुळे थेट आलेला संकेत आणि कड्यावरून परतून आलेला संकेत यांतला फरक ओळखणे सोपे जाते. मोकळ्या पठारावर या दोन्ही उपायांचा लाभ फारसा जाणवत नाही, पण राजगड-तोरण्याच्या मुलखात किंवा दाट झाडीत तो नकाशावर उमटलेल्या आपल्या वाटेच्या रेघेत स्पष्ट दिसतो.

घड्याळ घेतल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, त्याची परीक्षा घ्यावी. बहुतेक जण शर्यतीचे जाहीर अंतर आणि घड्याळाचे अंतर यांची तुलना करतात, पण ही कसोटी कच्ची आहे. कुठे वळण कापले जाते, कुठे रेघ भरकटून लांबते, आणि दोन चुका एकमेकींना झाकून बेरीज बरोबर दाखवतात. त्यापेक्षा आतकरवाडीतून सिंहगडावर जाणाऱ्या पायवाटेसारखी एखादी ओळखीची वाट निवडावी, त्याच वाटेने चढावे, त्याच वाटेने उतरावे आणि घरी आल्यावर दोन्ही रेघा उपग्रहचित्रावर मोठ्या करून पाहाव्यात. चढतानाची आणि उतरतानाची रेघ एकमेकींवर बसली, झाडीतही काही मीटरच्या आत राहिली, तर घड्याळ भरवशाचे आहे. रेघा वीस-तीस मीटर फाकल्या असतील किंवा कड्याजवळ रेघ दरीत उडी मारत असेल, तर पट्टा नीट बसवून आणि नोंदणीची स्थिती तपासून पुन्हा एकदा पाहावे. त्यानंतरही तेच घडले, तर घड्याळ परत करावे.

उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा उंचीमापक असलेलेच घड्याळ घ्यावे, कारण उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते. मात्र दाब हवामानानेही बदलतो. आपल्याकडे आकाश निरभ्र असले तरी सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत तो दोन ते चार हेक्टोपास्कलने उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण आठ-नऊ मीटर धरले, तर जागचे न हलता घड्याळ उंची वीस-तीस मीटरने वाढलेली दाखवू शकते. म्हणून ज्या ठिकाणाची उंची माहीत आहे, जसे 1,646 मीटरचे कळसूबाई, तिथे उंची जुळवून घ्यावी, किंवा उपग्रहांच्या मदतीने ती आपोआप सुधारणारे घड्याळ निवडावे. दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रात घाम आणि चिखल सुकून बसला की एकूण चढाचा आकडा भलताच येतो, तेव्हा प्रत्येक धावेनंतर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे.

वाट दाखवण्याची सोय हा भाग मी चैनीचा मानत नाही. आयोजकांनी दिलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे शर्यतीच्या वाटेची नोंद असलेली फाइल, घड्याळात भरता आली पाहिजे, वाट सुटल्याची सूचना कंप देऊन मिळाली पाहिजे, आणि तीही लवकर. चांगल्या खुणा केलेल्या शर्यतीत नुसती रेघ पुरते. पण सह्याद्रीत ढोरवाटांचे जाळे असते, धुके उतरले की झाडाला बांधलेली फीत दहा पावलांवरूनही दिसत नाही, आणि अशा वेळी समोच्चरेषा असलेला, इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा आपण डोंगराच्या कोणत्या सोंडेवर आहोत हे सांगतो. शक्य असेल तर नकाशाचे घड्याळ घ्या.

बटणे हवीतच. पावसात किंवा घामाने ओल्या बोटांनी स्पर्शपडदा चालत नाही, आणि कधी पावसाचे थेंबच तो चालवतात. मनगटावरून मोजलेली नाडी उतारावर पावलांच्या तालात अडकू शकते, तेव्हा नाडीवर गती ठरवणाऱ्यांनी छातीचा पट्टा वापरावा. भारतात अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी, परदेशातून आणलेल्या घड्याळाची हमी इथे चालेलच असे नाही.

धावेची नोंद कंपनीच्या सर्व्हरशिवाय, साध्या केबलने संगणकावर उतरवता येते का, हेही विचारावे. जुलै 2020 मध्ये अशी घड्याळे बनवणाऱ्या गार्मिन कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस नोंदी अ‍ॅपवर चढत नव्हत्या. मात्र घड्याळे नोंद घेत राहिली आणि ज्यांना फाइल थेट काढता येत होती त्यांचे फारसे अडले नाही.

शर्यतीआधी एका लांब सरावात, शर्यतीच्याच स्थितीत, नकाशा उघडा ठेवून चार-पाच तास धावावे आणि टक्के किती उतरले ते लिहून ठेवावे. पाच तासांत 20 टक्के गेले, तर साधारण 25 तासांची सोय झाली. हे पुरत नसेल, तर नोंद चालू असताना चार्जिंग होते का आणि केबल लावूनही घड्याळ मनगटावर राहू शकते का हे घरीच करून पाहावे. आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडून उपग्रहांची ताजी माहिती उतरवून घ्यावी, आणि सकाळी आरंभरेषेवरच्या गर्दीत शिरण्यापूर्वी दोन मिनिटे मोकळ्या आकाशाखाली उभे राहून स्थान पक्के होऊ द्यावे.